पूजेत न ठेवलेली काठी

खंडेनवमीला यादव खैरनारच्या घरी एक भांडण ठरलेलं असायचं. त्याची बायको मोहिनी सकाळीच पाटावर लाल कापड अंथरायची. त्यावर पक्कड, मीटर, सोल्डरिंगचं आयर्न, लहानमोठे स्क्रूड्रायव्हर असं सगळं ओळीनं मांडायची, झेंडूची फुलं वाहायची आणि मग कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघायची. भिंतीवर खिळ्याला एक काठी टांगलेली असे.

"एवढी एकच का बाहेर? तिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"राहू दे तिला तिथंच," यादव म्हणायचा.

"अहो, वर्षाचा सण. फूल वाहिलं तर झिजणार आहे का ती?"

"नाही म्हणजे नाही."

मग मोहिनी पुटपुटत निरांजन ओवाळायची. नवरा काही देवधर्म न मानणारा नव्हता. सोमवार धरायचा, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन यायचा. मग याच एका वस्तूशी त्याचं काय वाकडं आहे, हे तिला एकोणतीस वर्षांत कळलं नव्हतं. यादव तसा बोलका माणूस, नको तिथं नको तेवढं बोलणारा. पण काठीचा विषय निघाला की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं.

काठी म्हणायची ती सवयीनं. हातभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप, त्याच्या टोकाला घट्ट बसवलेला चपट्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर, पात्याला जोडलेली जाड वायर आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला दातेरी चिमटा. अशी वस्तू बाजारात मिळायची नाही. यादवच्या जुन्या जोडीदारानं, लखन कुटेनं, ती स्वतःच्या हातानं बनवली होती, आणि तापल्या तारेनं पाइपवर 'ल. कु.' अशी अक्षरंही डागली होती. यादवनं तेव्हा त्याला चिडवलं होतं, "अरे, हत्यार आहे का लग्नातलं भांडं? नाव कशाला घालतोस?"

आज टर्मिनल म्हटलं की लोकांना विमानतळ आठवतो. नव्वदच्या आगेमागे बँकांत नि कारखान्यांत खरा कॉम्प्युटर आतल्या थंड खोलीत साहेबासारखा बसलेला असे आणि बाहेर टेबलाटेबलावर त्याची ही टर्मिनलं राबत असत. जाडजूड काचेचा पडदा, काळ्यावर हिरवी अक्षरं, खाली कीबोर्ड. ते बंद पडलं की नाशिक ते मनमाड दोनच नावं निघायची, यादव आणि लखन. गंगापूर रोडला मागच्या गल्लीत यादवचा गाळा होता. यादव मालक आणि लखन कामाला, असं पाटीवर होतं. एरवी डबा एक, स्कूटर एक आणि भांडणंही सख्ख्या भावांसारखी.

या कामातली मजा नि भीती एकाच जागी असते. प्लग काढला की पंखा मरतो, मिक्सर मरतो. पडद्यामागची काचेची नळी मरत नाही. तिच्या पोटात हजारो व्होल्ट कितीतरी वेळ दबा धरून बसतात. म्हणून आधी अंगठी, घड्याळ काढायचं. डोळ्यांवर जाड चष्मा चढवायचा, कारण नळी फुटली तर काच कुठं उडेल याचा नेम नाही. काठीचा चिमटा लोखंडी सांगाड्याला लावायचा. डावा हात पँटच्या खिशात घालायचा, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही. मग उजव्या हातानं काठीचं पातं नळीच्या अंगावरच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. चट् असा आवाज येतो, नळी रिकामी होते. नवशिका तिथंच थांबतो. जाणता माणूस दहा मिनिटं चहा पिऊन येतो आणि पुन्हा पातं सरकवतो, कारण रिकामी केलेली नळी आपली आपण थोडी परत भरते. लखन म्हणायचा, "काचेला लय आठवण असती, भाऊ." दोनदा रिकामी केल्याशिवाय त्यानं कधी आत बोट घातलं नाही.

एकदा सोडून.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी लखनची मुलगी योगिनी यादवकडे आली. तिशीची पोर, गंगापूर रोडवरच्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. अडगळीच्या खोलीत तिला एक जुनं टर्मिनल सापडलं होतं आणि ते चालू करून मुलांना दाखवायचं तिच्या डोक्यात बसलं होतं.

"यादवकाका, हिरवी अक्षरं दिसली पाहिजेत. बाबा म्हणाले, ते काम फक्त तुम्हीच करू शकता."

यादवला बरं वाटलं. गाळा विकून दहा वर्षं झाली होती. आता हत्यारं घरातच एका टेबलावर होती नि बिघडायचे ते शेजाऱ्यांचे मिक्सर. त्यानं टर्मिनल उघडलं, धूळ झाडली, विजेच्या भागातले फुगलेले कपॅसिटर बदलले, चालू करून पाहिलं; अक्षरं उमटली नाहीत. पण नळीपाशी आल्यावर गाडं अडलं. डावा हात खिशात घातला, उजव्या हातात काठी घेतली, आणि तो हात थरथरायला लागला. दोन वर्षांपासून थरथरत होता. पेला धरताना कुणाच्या लक्षात येत नसे. काठीच्या टोकाला मात्र ते पातं वाऱ्यावर धरल्यासारखं हलत होतं. त्यानं काठी खिळ्याला टांगली आणि योगिनीला फोन केला.

"बाई, माझ्यानं नाही होणार. आणि येत नसेल त्याच्याकडून मुळीच करवून घेऊ नकोस. बंदच ठेव. नुसतं बघायला ठेव."

योगिनी दुसऱ्या दिवशी टर्मिनल न्यायला आली. हिरमुसली होती, पण दाखवलं नाही. जाताना पर्समधून एक कागद काढला.

"टर्मिनलशेजारी भिंतीवर हा फलक लावायचा आहे. असल्या यंत्रात हात घालताना काय होऊ शकतं ते मुलांना कळावं म्हणून. बाबांनीच लिहायला सांगितलं, नाव घालून लिही म्हणाले. तुम्ही तेव्हा तिथं होतात. काही चुकलं असेल तर सांगा, गुरुवारी छापायला देते."

यादवनं चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं: 'लखन कुटे, नाशिकमधील कुशल कारागीर. १९९५ साली खंडेनवमीच्या दिवशी, वरिष्ठांनी सूचना देऊनही, त्यांनी नळी रिकामी न करता आत हात घातला. या एका निष्काळजीपणामुळे त्यांचा उजवा डोळा कायमचा गेला.'

"बरोबर आहे ना?" योगिनीनं विचारलं.

"ठेवून जा," यादव म्हणाला. "वाचून सांगतो." एवढ्या चार ओळी वाचायला किती वेळ लागतो, असं तिला वाटलं असेल.

ती गेल्यावर यादव त्या कागदाकडे बघत बसला. 'सूचना देऊनही.' हे दोन शब्द त्याचे होते. बाकी सगळं लखनचं, पण हे दोन शब्द यादवनं पुरवलेले होते.

त्या खंडेनवमीची पूजा गाळ्यात होती. यादवची आई वत्सलाबाई त्यासाठी मनमाडहून आली होती. तिनं काठी, चष्मे, जवळजवळ सगळी हत्यारं लाल कापडावर मांडली, कुंकू लावलं आणि बजावलं, "उद्या दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत यातलं काही हलवायचं नाय. हत्यारांना आज सुट्टी." मग ती तिथंच खुर्ची टाकून पोथी वाचत बसली. दुपारी एका बँकेचा माणूस आला. टर्मिनल आदल्या दिवशी आणून टाकलं होतं, उद्या सुट्टी, परवा सकाळी काउंटर उघडायचं, काहीही करून आजच द्या म्हणाला. यादवला नाही म्हणता येत नसे. ती त्याची जुनीच खोड.

पूजेबाहेर राहिलेली एक पक्कड नि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन लखन बसला. नळीशी आल्यावर त्यानं मान वर केली. "भाऊ, काठी?"

यादवनं पूजेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "कालच रिकामी केलीय मी. घाल हात."

काल रिकामी केली होती हे खरं. पण खंडेनवमीच्याच सकाळी, आई यायच्या आधी, बिघाड पाहायला त्यानंच ते टर्मिनल दोन मिनिटं चालू केलं होतं. पुढं तो स्वतःला सांगत राहिला की ते आपण विसरलो होतो. विसरला नव्हता. आठवलं होतं. मनात आलं, दोन मिनिटांत असं काय भरतंय. आणि आईसमोर पूजेतली काठी उचलायची, मग दिवसभर तिची बोलणी खायची, नकोच ते. एवढ्यासाठी. आईची बोलणी नकोत एवढ्यासाठी.

झटका बसला तसा लखनचा हात मागं उडाला, त्याच्याबरोबर टेबलावरचा सांगाडा उलटला, नळीची मान फरशीवर आपटली आणि नळी फुटली. लखन मागच्या मागं पडला. चष्मा लाल कापडावर झेंडूच्या फुलांत होता.

दवाखान्यात लखनचा सासरा केरू पाटील आला. पैलवान गडी, आवाजही तसाच. त्यानं सगळ्यांसमोर यादवला विचारलं, "चूक कोणाची?" यादवच्या तोंडून निघालं, "मी सांगितलं होतं त्याला, आधी नळी रिकामी कर म्हणून." विचार करून रचलेलं ते खोटं नव्हतं. भ्यालेल्या माणसाच्या तोंडून निघालं आणि निघाल्यावर त्यानं परत घेतलं नाही, हे त्याहून वाईट.

लखनच्या डोक्याला मार होता. त्या तासाभराचं त्याला काहीच आठवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर लोकांनी सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं, पट्टी बांधलेलं तोंड यादवकडे वळवलं आणि म्हणाला, "भाऊ सांगतोय म्हंजी सांगितलंच आसंल. घाई माझीच झाली." वर यादवचा हात हातात घेऊन त्यालाच धीर दिला.

दवाखान्याचं सगळं यादवनं केलं. लोक म्हणाले, असा मालक मिळायला नशीब लागतं. यादवनं तेही ऐकून घेतलं. पुढं त्यानं लखनला कामावर यायची खूप गळ घातली, एका डोळ्यानंही होतं काम म्हणाला. लखन आला नाही. सायखेड्याला जाऊन त्यानं पिठाची गिरणी टाकली. गिरणीचा फ्यूज उडाला तरी हा गडी निफाडहून माणूस बोलावायचा. यादव त्याची चेष्टा करायचा, "टर्मिनलं दुरुस्त करणारा तू, नि फ्यूजला घाबरतोस?" लखन नुसता हसायचा. आणि दरवर्षी दसऱ्याला न चुकता नाशिकला येऊन यादवच्या हातावर आपट्याची पानं ठेवायचा. "सोनं घे भाऊ, सोन्यावानी राहा."

बुधवारी यादव सायखेड्याच्या एसटीत बसला. घडी केलेला फलकाचा कागद खिशात होता. योगिनीला फोनवर 'ते दोन शब्द काढ' एवढं सांगून भागलं असतं, हे त्याला कळत होतं. वाटेत दोनदा उतरून परत फिरावं असंही मनात आलं. पण लखनचं नाव भिंतीवर त्या शब्दांखाली लागणार होतं, तेही त्याच्या पोरीच्या हातून. तेवढं मात्र यादवच्यानं बघवलं नसतं.

गिरणी बंद होती, वीज गेलेली. लखन ओट्यावर पिठानं पांढरा होऊन बसला होता. यादवला बघून त्याचा एक डोळा हसला. "आरं! दसऱ्याच्या आधीच? शकू, च्या टाक, यादवभाऊ आलाय." लखनच्या बायकोनं, शकुबाईंनी, आतून चहा आणून दिला, मोहिनीची विचारपूस केली आणि त्या आत गेल्या.

यादवनं कागद काढून मध्ये ठेवला आणि सांगितलं. सगळं, सरळ. सकाळची दोन मिनिटं, काठी, आई, दवाखाना. सांगताना तो लखनकडे बघू शकला नाही. समोर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघत सांगितलं.

लखननं एकच विचारलं, "सकाळी चालू केल्याचं आठवत व्हतं तुला?"

"होतं."

"हं."

लखननं आपला उजवा हात समोर धरला, उलटासुलटा करून पाहिला. बोटांच्या रेघांत पीठ होतं.

"मी काम डोळ्यापायी सोडलं आसं वाटलं व्हय तुला?" तो म्हणाला. "एक डोळा पुरतो रं माणसाला. मला वाटलं, यादवभाऊ सांगतो आन् माझा हात ऐकत नाय. आसला हात कामाचा नाय. आज माझा डोळा घेतला, उद्या दुसऱ्याचा जीव घेईल. म्हणून सोडलं. एकोणतीस वरसं मी फ्यूजला हात लावला नाय. योगिनी ल्हान व्हती तवा घरातला बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलवायचो. पोरगी हसायची मला. तूबी हसायचा."

इतकी वर्षं यादवनं आपल्या पापाचं माप एका डोळ्याइतकं धरलं होतं. तेच त्याला जड जात होतं. आणि इथं त्यानं माणसाचे दोन्ही हात काढून घेतले होते, वर त्याच हातांची चेष्टा केली होती.

"लखन, मला..."

"च्या पी. गार व्हतोय."

यादवनं चहा प्यायला.

"फलकाचं मी योगिनीला सांगतो," तो म्हणाला.

"मी सांगन. माझी पोरगी हाय." लखननं कागद उचलून बंडीच्या खिशात घातला आणि उठला. "तुझी यष्टी यायची येळ झाली."

दर वेळी तो फाट्यापर्यंत सोडायला यायचा. या वेळी आला नाही.

खंडेनवमीला मोहिनीनं लाल कापड अंथरलं आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं. ती विचारायच्या आधीच यादवनं तिला सगळं सांगून टाकलं. ती हातातली फुलं तशीच धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि दर दसऱ्याला त्यांच्या हातून सोनं घ्यायचात तुम्ही." तिनं पूजा केली. काठीचं नाव काढलं नाही.

दसऱ्याला तो दुपारपासूनच नवा सदरा घालून बसला. ताटात आपट्याची पानं होती, वाटीत श्रीखंड होतं. तीन वाजता, चार वाजता तो दाराशी जाऊन आला. येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी माणसाचा जीव असतो ना. पाच वाजता बेल वाजली तेव्हा तो जवळजवळ धावला.

दारात योगिनी होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि त्याच्या हातावर पानं ठेवली.

"लखननं दिलीत?" न राहवून त्यानं विचारलं.

"नाही काका. माझी आहेत."

ती आत आली, पण बसली नाही. मोहिनीनं पाणी दिलं ते उभ्यानंच प्यायली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. राग असता तर यादवला सोपं गेलं असतं.

"फलक बदललाय," ती म्हणाली. "नाव कुणाचंच नाही. तुमचंही घालू नको म्हणाले बाबा. फक्त लिहिलंय की काठी पूजेत होती, म्हणून उचलली नाही." मग ती म्हणाली, "बाबा उद्या कॉलेजात येणार आहेत. टर्मिनल ते उघडणार आहेत. स्वतः."

यादव उठून उभा राहिला. "स्वतः? लखन? अगं, मग मी येतो की. मी नुसता शेजारी बसेन, चिमटा लावून देईन..."

"काका." योगिनीनं मान खाली घातली. "बाबा म्हणाले, काठी माझी आहे, तेवढी आण. भाऊला म्हणावं, तू येऊ नको."

यादव भिंतीशी गेला. खिळ्यावरून काठी उतरवली, सदऱ्याच्या बाहीनं पाइपवरची धूळ पुसली. 'ल. कु.' अजून नीट वाचता येत होतं. वायरची गुंडाळी करून त्यानं काठी आणि आपला कामाचा जाड चष्मा एका धुतलेल्या फडक्यात बांधला आणि तिच्या हातात दिला. दाराशी ती चप्पल घालत असताना त्याला राहवलं नाही.

"त्याला म्हणावं, दोनदा रिकामी कर. मध्ये दहा मिनिटं थांब."

"ते त्यांना माहीत आहे, काका," योगिनी म्हणाली.

"हो," यादव म्हणाला. "त्याला माहीत आहे."